शार्प्स परवडत नाही, मग काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी लीव्हर (तरफ ओढून भरायची) रायफल घेऊन दोन वर्षं अमेरिकेत काउबॉय नेमबाजीत उतरताय. आता लांब पल्ल्याच्या 'बफेलो' सामन्यांत आणि पुढे जमलं तर काळ्या दारूच्या (बंदुकीच्या जुन्या, धुराच्या दारूच्या) सिल्हूट सामन्यांत, म्हणजे पोलादी जनावरं पाडायच्या खेळात, जायचंय. खिशात पंधराशे डॉलर, मनात शार्प्स ही जुन्या घाटाची एकबारी रायफल. ती परवडत नाही म्हणून कुणी मार्लिन सुचवतं, कुणी रूगर, कुणी मार्टिनी-हेन्री.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रायफल नंतर ठरवा, आधी काडतूस ठरवा, आणि ते ४५-७० असू द्या. मग त्या काडतुसाची वापरलेली रोलिंग ब्लॉक (रेमिंग्टनच्या जुन्या रचनेची एकबारी) शोधा. दोनशे यार्डांच्या पुढे फारसं जायचं नसेल तर अमेरिकन लष्कराची जुनी, अस्सल ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण का, ते सांगताना माझी एक जुनी फजिती सांगावी लागेल.

वीसेक वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होतो. एका जत्रेवजा गन शोमध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याची १८७९ च्या मॉडेलची रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक दिसली. नळी आतून आरशासारखी, लाकूड शाबूत, आणि किंमत एवढी कमी की मी घासाघीससुद्धा केली नाही. काडतूस होतं ४३ स्पॅनिश. ते दुकानात मिळत नाही हे मला माहीत होतं, पण 'बघू पुढे' म्हणालो. पुढे जे बघितलं ते असं: पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) एका छोट्या कारखान्यातून मागवल्या, त्या आल्या चार महिन्यांनी. डाय (पुंगळ्या पुन्हा भरायची अवजारं) वेगळ्या. गोळी ०.४३९ इंचाची, म्हणून ती ओतायचा साचा वेगळा. वर्षभरानं हिशेब केला तेव्हा रायफलीच्या किमतीहून जास्त पैसे तिच्या खाण्यापिण्यावर गेले होते आणि माझे जेमतेम दोनशे बार काढून झाले होते. तेवढ्या पैशांत तेव्हा ४५-७० ची नवी इटालियन नक्कल आली असती. ती अर्जेंटिनी अजून माझ्याकडे आहे. भिंतीवर छान दिसते.

४५-७० चं तसं नाही. अमेरिकेच्या लष्करानं ते १८७३ मध्ये स्वीकारलं. नावातच सगळं आलं: ०.४५ इंचाचा बोअर (नळीचा आतला व्यास), ७० ग्रेन काळी दारू, आणि सुरुवातीला ४०५ ग्रेनची शिशाची गोळी. दीडशे वर्षं हे काडतूस बाजारातून हटलेलं नाही. कुठल्याही शिकारीच्या दुकानात पुंगळ्या मिळतात, डाय वापरलेल्या मिळतात, साच्यांचे डझनावारी प्रकार मिळतात, आणि सामन्यात तुमच्याकडचं काही संपलं तर शेजारच्या माणसाकडे ते असतं. या शेवटच्या गोष्टीची किंमत पहिल्या सामन्यात कळते.

हिशेबही सोपा आहे. एका पौंडात ७००० ग्रेन. म्हणजे एक पौंड दारूत बरोबर १०० काडतुसं. शिसं मात्र खातं: ५०० ग्रेनच्या गोळ्या पौंडाला १४ च पडतात. सिल्हूटचा नेहमीचा सामना ४० बारांचा. नेम बसवायचे वेगळे, सरावाचे वेगळे. महिन्यातून एक सामना आणि एक सराव धरला तरी वर्षाला हजारभर बार सहज होतात. आयती काडतुसं विकत घेऊन हे परवडत नाही, आणि आयत्या काडतुसांत काळी दारू क्वचितच असते. तेव्हा पंधराशेतले सगळे रायफलीवर घालू नका. तिसरा हिस्सा तरी डाय, साचा, शिसं वितळवायचं भांडं आणि दर्शकासाठी (नेम धरायच्या साधनासाठी) बाजूला ठेवा. तुमचं खरं बजेट एक हजार आहे असं समजून पुढचं वाचा.

आता सामन्यांचे नियम, कारण अर्धे पर्याय तिथेच गळतात. काउबॉय नेमबाजी चालवणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या सामन्यांत लांब पल्ल्याची रायफल हा मुख्य सामन्याच्या जोडीचा प्रकार असतो आणि आयोजक अंतर आणि बारीक अटी थोड्याफार आपापल्या ठरवतात. काळ्या दारूचं सिल्हूट मात्र कडक. तो खेळ १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला सुरू झाला. रायफल एकबारी हवी, घोडा (बार उडवणारा हातोडा) बाहेर दिसणारा हवा, घाट १८९६ च्या आधीच्या अमेरिकन रायफलींचा हवा, वजन १२ पौंड २ औंसांच्या आत हवं, आणि दुर्बीण नको (दुर्बिणीचा वर्ग निराळा). पोलादी कोंबड्या २०० मीटरवर, डुकरं ३००, टर्की ३८५ आणि मेंढे ५०० मीटरवर. कोंबड्यांवर उभं राहून, कशाचाही आधार न घेता बार टाकायचा. बाकीच्यांना दोन काठ्यांची कैची लावून, बसून किंवा पालथं पडून.

आणि नुसता नेम लागून भागत नाही, जनावर खाली पडावं लागतं. पाचशे मीटरवरच्या मेंढ्याला हलकी गोळी लागली तर टण्ण आवाज होतो आणि मेंढा तसाच उभा. पंच 'लागली, पण उभा आहे' असं म्हणतो तेव्हा मागची मंडळी सहानुभूतीनं हसतात. मोठा बोअर आणि पाचशे ग्रेनच्या वरची गोळी लागते ती यासाठी. मिरवायला नव्हे.

या चाळणीतून तुमची यादी घालू. रूगर नंबर वन उत्तम रायफल आहे, पण १९६७ ची, आणि घोडा आत लपलेला. बाद. मार्लिन १८९५ नावानं जुनी वाटते, पण आज मिळते ती १९७२ पासूनची आणि तिची यंत्रणा मार्लिनच्याच ३३६ मॉडेलवरून आलेली. मूळ १८९५ ही वेगळीच बंदूक होती. लीव्हर रायफलींच्या जोडसामन्यात ती चालते का ते आयोजकाला विचारा, सिल्हूटमध्ये अर्थातच नाही. हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची 'बफेलो क्लासिक' ही मधून वाकवून उघडायची एकबारी रायफल ३२ इंची नळीची, ४५-७० ची आणि खरोखर स्वस्त होती. २०१५ नंतर ती बनत नाही, पण वापरलेल्या फिरतात. नेम चांगला मारते. तुमच्या क्लबात ती चालत असेल तर सुरुवातीला वाईट नाही. मात्र घेण्याआधी नियमांचं पुस्तक उघडून बघा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

मार्टिनी-हेन्रीबद्दल मला हळवं व्हायला होतं. ब्रिटिश लष्कराची ही जुनी एकबारी रायफल, म्हणून तिचा आपल्याशीही संबंध आहे. ब्रिटिशांचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि अमेरिकेतल्या जुन्या शौकिनांच्या डब्यात '.३०३' या ब्रिटिश काडतुसाच्या पुंगळ्यांवर आजही खडकीची 'के' आणि 'एफ' ही अक्षरं सापडतात. पहिल्यांदा ती अक्षरं दिसली तेव्हा मी डब्याच्या मालकाला, एका म्हाताऱ्याला, पुण्याचा नकाशा काढून दाखवला होता. त्याला फारसं कौतुक वाटलं नाही. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळी लष्कराचा जुना साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला आणि मार्टिनी आणि त्यांच्या आधीच्या स्नायडर रायफली इथे बऱ्यापैकी स्वस्तात मिळू लागल्या. तरीही ती पहिली रायफल म्हणून घेऊ नका. एक तर घोडा आत, म्हणजे सिल्हूटला बाद. दुसरं, ५७७/४५० हे बाटलीच्या आकाराचं काडतूस, ज्याच्या पुंगळ्या लोक २४ गेजच्या पितळी छऱ्याच्या काडतुसांपासून घडवतात. माझ्या ४३ स्पॅनिशचीच ती थोरली बहीण. ब्रिटिश वसाहतीच्या काळाचे सामने तुमच्या आसपास होत असतील तर दुसरी रायफल म्हणून जरूर बघा.

मग उरतात तीन: शार्प्स, रोलिंग ब्लॉक, ट्रॅपडोर. (१८८५ ची हायवॉल चौथी. जॉन ब्राउनिंगची ती रचना यंत्रणा म्हणून कदाचित सर्वांत मजबूत, आणि जपानच्या मिरोकूनं बनवलेल्या वापरलेल्या अधूनमधून दिसतात. बजेटमध्ये मिळाली तर मला न विचारता उचला. सहसा मिळत नाही.)

शार्प्सची मोहिनी मी समजू शकतो. पण मोंटानातल्या बिग टिंबरला बनणारी चांगली शार्प्स दोन हजारांच्या वर, शिवाय बनून येईपर्यंत थांबायचं. इटालियन नकलाही तुमच्या हजारात बसत नाहीत. फार स्वस्त वापरलेली नक्कल दिसली तर आधी कारण विचारा.

लोकांना वाटतं की रोलिंग ब्लॉक ही गरिबाची शार्प्स. इतिहास तसं म्हणत नाही. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला अमेरिका आणि आयर्लंडचा सामना झाला, ८००, ९०० आणि १००० यार्डांवर. आयरिश मंडळी ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आली होती. अमेरिकेच्या सहा जणांपैकी तिघांच्या हातात शार्प्स होती, तिघांच्या हातात रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ नं जिंकली. आयरिश संघातल्या एकानं एक बार दुसऱ्याच्याच लक्ष्यावर मारला नसता तर आज आपण वेगळी गोष्ट सांगत असतो. मुद्दा एवढाच की हजार यार्डांवर जी चालली ती तुमच्या पाचशे मीटरच्या मेंढ्याला कमी पडणार नाही.

यंत्रणा तर इतकी साधी की कोकणातल्या लोहारालाही एका नजरेत कळेल. दोन पिना, एका पिनेवर घोडा, दुसरीवर मागे वळणारा ठोकळा. घोडा पडताना त्याचा खांदा ठोकळ्याखाली सरकतो आणि बाराच्या क्षणी ठोकळा मागे जाऊच शकत नाही. जेवढा दाब जास्त तेवढी पकड घट्ट. स्वच्छ करायलाही सोपी. इटलीच्या पेडरसोली कंपनीची वापरलेली, ३० इंची अष्टकोनी नळीची, ४५-७० ची शोधा. तिच्या नळीतल्या आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ १८ इंचांत एक फेरा असतो आणि तो ५०० ग्रेनच्या पुढची लांब गोळी सरळ धरून ठेवतो. वापरलेल्या बंदुकांच्या बाजारात धीर धरलात तर दोन-चार महिन्यांत बजेटमध्ये मिळते. मी ओळखतो त्यातल्या निम्म्या लोकांनी रोलिंग ब्लॉकवर शिकून मग शार्प्स घेतली, आणि त्यातले काही पुन्हा रोलिंग ब्लॉकवर आले.

एक मात्र नीट बघा: दस्त्याचा मागचा भाग. कोयत्यासारखी आत वळलेली लोखंडी पट्टी फोटोत झकास दिसते. उभं राहून मारताना ती दंडाच्या बाजूला धरायची असते, तेव्हा चालते. पालथं पडून मारायला लागलात की तिचं टोक थेट खांद्याच्या हाडात घुसतं आणि विसाव्या बाराला तुम्ही चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागता. सपाट, छऱ्याच्या बंदुकीसारखा दस्ता घ्या. शंभर डॉलर जास्त पडले तरी द्या.

आता ट्रॅपडोर. ही माझी लाडकी आहे, त्यामुळे थोडं सावधपणे वाचा. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यानं या घराण्याच्या पाच लाखांहून जास्त बनवल्या, म्हणून अस्सल, लष्करी शिक्क्याची रायफल आजही नव्या नकलेपेक्षा स्वस्तात मिळू शकते. सव्वाशेहून जास्त वर्षांची खरी वस्तू सामन्यात घेऊन उभं राहण्यात जी मजा आहे ती नकलेत नाही. आणखी एक फायदा: १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघराज्याच्या कायद्यात 'ॲन्टिक' धरली जाते आणि तिच्या खरेदीला परवानाधारक दुकानदाराची मध्यस्थी लागत नाही. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो तपासा.

मर्यादाही ऐका. नळीच्या आट्यांचा पीळ २२ इंचांत एक, वजन जेमतेम नऊ पौंड, आणि झडप वर उघडणारी. पाचशे ग्रेनची गोळी ती मारते. १८७९ मध्ये न्यू जर्सीतल्या सँडी हुकच्या वाळूत लष्करानं २५०० यार्डांवरही गोळ्या टाकून पाहिल्या होत्या. पण हलक्या बंदुकीचा धक्का चाळीस बार सोसणं आणि मूळ दर्शकानं मेंढे पाडणं हे नवख्याचं काम नाही. घ्यायचीच तर १८८४ चं मॉडेल बघा. त्यावरचा बफिंग्टन दर्शक वाऱ्यासाठी डावी-उजवीकडेही फिरतो, आधीचे बहुतेक फिरत नाहीत.

तपासताना मी पुढच्या क्रमानं जातो. झडप बंद केल्यावर खट्कन बसते का आणि अंगठ्यानं हलवल्यावर डुगडुगते का. घोडा पूर्ण चढवून मागून अंगठ्यानं दाबला तर पडता कामा नये, अर्ध्या खाचेवर असताना चाप ओढला तरी पडता कामा नये. मग नळीचं तोंड: सैनिकांनी वर्षानुवर्षं गजानं पुढून घासून ते घंटेसारखं पसरवलेलं असतं, आणि आतून चकचकीत नळीही तिथे गेली असेल तर नेम गेला. 'कार्बाइन' म्हणून मिळत असेल तर दुप्पट सावध राहा. अस्सल कार्बाइनची नळी २२ इंची असते आणि तिला भाव जास्त, विशेषतः १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या प्रसिद्ध लढाईच्या आधीच्या क्रमांकांना, म्हणून रायफली कापून कार्बाइन करण्याचा धंदा जुना आहे. कापलेली स्वस्तात मिळाली आणि तुम्हाला फक्त मारायचीच असेल तर काही बिघडत नाही, फक्त कापलेलीचा भाव द्या.

शेवटी नळीचं माप. मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून ढकला आणि बाहेर आली की मोजा. पण ट्रॅपडोरला तीनच आटे असतात, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरनं समोरासमोर माप येतच नाही. तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून मोजतात, नाहीतर जाणत्याकडे नेतात. आट्यांच्या तळाचं माप ०.४५८ ते ०.४६३ इंच, कधी त्याहूनही जास्त निघतं. आजच्या तयार ०.४५८ च्या कडक गोळ्या अशा नळीत नुसत्या खडखडत जातात, आणि लोक म्हणतात ट्रॅपडोरला नेम नाही. लष्कराच्या मूळ ४०५ ग्रेनच्या गोळीचं बूड पोकळ होतं आणि शिसं मऊ. काळ्या दारूच्या धक्क्यानं ती फुगून आट्यांत बसायची. तुम्हीही २० भाग शिसं आणि एक भाग कथील वितळवून माप जुळणाऱ्या साच्यात ओता, मग बघा.

धुरविरहित दारूबद्दल एकच गोष्ट, पण जीवनमरणाची. ४५-७० च्या आयत्या काडतुसांत आज तीन दर्जांचे दाब मिळतात: ट्रॅपडोरला झेपणारे, मार्लिनला झेपणारे आणि रूगरला झेपणारे. तिन्ही प्रकार ट्रॅपडोरमध्ये सहज बसतात. खोक्यावर 'मॅग्नम' किंवा तत्सम काही लिहिलेलं असेल तर ते तुमच्या जुन्या रायफलीत घालू नका, कुणी फुकट दिलं तरी नाही. आणि काळी दारू भरताना उलट काळजी: पुंगळीत पोकळी राहता कामा नये. दारू गोळीच्या बुडाला किंवा मधल्या पुठ्ठ्याच्या चकतीला टेकलेली, थोडी दाबलेली असली पाहिजे. किती भरायची ते छापील तक्त्यावरून ठरवा, माझ्यासारख्याच्या उत्तरावरून नको.

साफसफाईचा बाऊ करू नका. काळ्या दारूची राख मिठासारखी पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज चढतो, एवढं खरं. पण आमच्या घरी शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि आजोबा डुकरावर बार काढून आले की चुलीवरचं गरम पाणी नळीत ओतायचे, चिंधी फिरवायचे, खोबरेल लावायचे. मीही पाणी आणि चिंधीच वापरतो. खोबरेलाऐवजी आता बंदुकीचं तेल. वास मात्र तोच, दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी अंगणात असतो तो.

दर्शकाचं सांगायचं राहिलं. रोलिंग ब्लॉकवर आलेला मधला दर्शक शंभर यार्डांपर्यंत ठीक. पाचशे मीटरसाठी मागच्या पट्टीवर उभा राहणारा, बारीक मापानं वरखाली होणारा व्हर्निअर दर्शक लागतो. अगदी स्वस्त घेतलात तर त्याचा स्क्रू दर बारागणिक सरकतो आणि दोष तुम्ही दारूला देत बसता. मी बाजूला ठेवायला सांगितलेल्या पैशांतला मोठा वाटा इथे जाऊ द्या.

तुम्ही व्हिसाचं काही लिहिलेलं नाही, पण आपल्या मंडळींसाठी लिहितोच. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर संघराज्याच्या कायद्याची अडचण नाही. एच-वन-बी वर असाल तर बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं हा एक अपवाद आहे, पण त्यावर विसंबण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. 'ॲन्टिक चालते ना' असं म्हणून कुणी समजूत घालेल. बंदूक ॲन्टिक असली तरी आजची काडतुसं ॲन्टिक नसतात.

आणि पैसे देण्याआधी एखाद्या सामन्याला रिकाम्या हातानं जा. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा आणि बसायला काहीतरी एवढंच घ्या. दुपारी सामना संपला की जो म्हातारा शार्प्स पुसत बसलेला असेल त्याच्याजवळ जाऊन विचारा, दोन बार काढू का. शंभरातले नव्वद जण हो म्हणतात. शेजारच्याची रोलिंग ब्लॉक आणि तिसऱ्याची ट्रॅपडोरही तशीच मागा. तिन्ही खांद्याला लावून झाल्यावर माझं उत्तर तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही, पण मग ते तुमचं असेल. पुंगळ्या मात्र उचलून ज्याच्या त्याला परत द्या. त्या त्यानं एकेक करून मापल्या, घासल्या असतात.